चार मिनिटांचा थांबा

ऑफिसात तिला सगळे खुसपटताई म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने मात्र नक्की म्हणत. तिला त्याचं काही वाटत नसे, कारण खुसपटं काढण्याचाच तिला पगार मिळत होता. मोबाइलवरची ॲप्स लोकांच्या हातात पडण्याआधी तिच्या हातात पडत, आणि मग ती हात धुऊन त्यांच्या मागे लागे. जिथे नाव लिहायचं तिथे फोन नंबर लिहून बघे. जिथे एकदा बोट टेकवायचं तिथे अकरा वेळा टेकवे. फोन खिशात घालून जिने चढे, ओल्या हातांनी बटणं दाबे, मध्येच फोन बंद करून चालू करे आणि ॲपचं काय होतं ते बघत बसे. सापडलेला प्रत्येक दोष क्रमांकासह यादीत चढे. काय झालं, कुठे झालं, किती वेळा झालं, आणि शेवटच्या रकान्यात कारण. तो शेवटचा रकाना रिकामा राहिला की तिला जेवण गोड लागत नसे.

हे दोष ज्याच्या डोक्यावर आदळत तो प्रोग्रामर तिच्या समोरच्याच टेबलावर बसे. त्याला सगळे दाढी म्हणत. कारण उघड होतं. दाढी कामाला वाघ होता आणि स्वभावाने गरीब. पण कुठलीही गोष्ट नियमात बसवल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. जगात अपवाद नावाची काही चीज असते हे त्याला कुणीतरी सांगायला हवं होतं, पण ते राहून गेलं होतं.

सध्या दोघांच्या मानेवर बसलं होतं ते शहराच्या पर्यटन कार्यालयाचं ॲप. नव्या गाईडना शिकवणारं. कल्पना अशी की शिकाऊ गाईडने फोन हातात धरून शहराच्या जुन्या भागात चालायला लागायचं. कुठे वळायचं, कुठे थांबायचं, पाहुण्यांना काय सांगायचं, ते सगळं फोन शिकवणार. आणि हे शिकवायचं ज्ञान ॲपमध्ये आलं कुठून, तर खुसपटताईच्या मामाकडून.

मामा बत्तीस वर्षं पाहुण्यांना पायी फिरवत होता. महिनाअखेरीला तो निवृत्त होणार होता. खुसपटताईनेच कार्यालयात त्याचं नाव सुचवलं होतं, आणि नात्यातला माणूस सुचवला म्हणून कुणी नाक मुरडू नये यासाठी दोन पानी टिपणही जोडलं होतं. मामा आधी म्हणाला, यंत्राला काय कळतंय. मग एकदा त्याला स्वतःचा रेकॉर्ड केलेला आवाज ऐकवला. तेव्हापासून तो कानात इयरफोन घालून हिंडू लागला. लोकांना वाटे गाणी ऐकतोय. तो स्वतःलाच ऐकत असे, आणि योग्य जागी मान डोलवत असे.

अडचण एवढीच होती की कार्यालयाच्या टेबलावर दुसऱ्या एका कंपनीचं तयार ॲपही येऊन पडलं होतं. त्यात यंत्राचा आवाज होता. तो आवाज जगातल्या कुठल्याही शहराची ओळख एकाच सुरात करून देई, जशी औषधाच्या बाटलीवरची सूचना वाचावी तशी. कार्यालयातल्या मॅडमनी स्वच्छ सांगितलं होतं की शुक्रवारी त्या स्वतः फोन घेऊन फेरी करतील. फेरी नव्वद मिनिटांत संपली पाहिजे, कारण दर दीड तासाने नवा गट निघतो. संपली तर मामाची फेरी कायमची ठेवू. नाही संपली तर ते तयार ॲप घेऊ. म्हणजे मामाची बत्तीस वर्षं एक तर फोनमध्ये राहणार होती, नाहीतर महिनाअखेरीला त्याच्याबरोबर घरी जाऊन बसणार होती.

आणि फेरी काही केल्या नव्वद मिनिटांत संपत नव्हती.

आठ शिकाऊ गाईड होते. चार दिवस रोज सकाळी ते ॲपच्या सांगण्याप्रमाणे चालत आणि रोज एकशे एक मिनिटांनी शेवटच्या चौकात पोचत. जोरात चालले तरी एकशे एक, रमतगमत चालले तरी एकशे एक, कारण थांब्यांवर ॲप त्यांना हलू देत नव्हतं. यादीत नोंद झाली. दोष क्रमांक एक्केचाळीस, फेरी अकरा मिनिटं लांबते.

यातल्या सात मिनिटांचं कारण खुसपटताईला न बघताच माहीत होतं. पाचव्या थांब्यानंतर सरळ समोर एक गल्ली जात होती, सावलीची, सपाट, तीन मिनिटांची. मामाचा रस्ता त्या गल्लीच्या तोंडापर्यंत यायचा आणि मागून वळसा घालून बासष्ट पायऱ्या चढून उतरून पलीकडे जायचा. कारण त्या गल्लीत मामाच्या थोरल्या बहिणीचं कपडे दुरुस्त करण्याचं दुकान होतं. ही थोरली बहीण म्हणजे खुसपटताईची आई. आणि मामा आणि आई नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

भांडण कशावरून झालं हे सांगायचं तर आईचा स्वभाव सांगावा लागेल. आईला खोटं खपत नसे. कुणाचंही, कसलंही, कितीही लहान. शेजारणीचं बाळ बघायला गेली आणि बाळ काही फारसं देखणं नसलं, तर आई म्हणायची, वजन चांगलं आहे. मामाचा धंदाच मुळी गोष्टी सांगण्याचा. तो थोडा मीठमसाला लावणारच. नऊ वर्षांपूर्वी चाळीस पाहुण्यांचा घोळका घेऊन तो आईच्या दुकानासमोर उभा राहिला आणि सांगू लागला, की शेजारच्या राज्यातून आलेली एक राजकन्या याच खिडकीत सात वर्षं कुणाची तरी वाट बघत बसली होती. आईने तोंडातल्या टाचण्या काढल्या, खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि पाहुण्यांना सांगितलं, की ही खिडकी तिने पाच वर्षांपूर्वी भिंत फोडून पाडून घेतली आहे, आणि इथे सात वर्षं कुणी बसलं असेल तर ते तिच्या गिऱ्हाइकांची वाट बघत तीच. चाळीस माणसं पोट धरून हसली. एकाने मामाच्या चेहऱ्याचा फोटो काढला.

त्या दिवसापासून मामाने गल्ली सोडली. आई म्हणे, मी खोटं काय बोलले? मामा म्हणे, माझी भाकरी आहे ती. दोघंही बरोबर होते, त्यामुळे मिटायचा प्रश्नच नव्हता.

म्हणजे सात मिनिटांचा हिशोब लागला. उरलेली चार मात्र सहाव्या थांब्यावर जात होती, आणि हा सहावा थांबा काय प्रकार आहे ते कुणालाच कळत नव्हतं. दाढीने ॲप कसं बनवलं होतं, तर मामाच्या शर्टाच्या खिशात फोन ठेवून त्याच्या बारा फेऱ्या नोंदवल्या होत्या. प्रत्येक फेरीत मामा जिथे दोन मिनिटांहून जास्त थांबला ती जागा म्हणजे थांबा. तिथे तो जे बोलला ते त्या थांब्याचं रेकॉर्डिंग. नियम साधा होता. असे नऊ थांबे निघाले. आठ ठिकाणी मामा बोलत होता, सहाव्या ठिकाणी गप्प होता. मामा गप्प आहे म्हणजे काहीतरी बिघडलंय एवढी शंका कुणालाही यायला हवी होती, पण दाढीने नियम केला. रेकॉर्डिंग नसलेल्या थांब्यावर आपोआप एक वाक्य दिसावं: ‘थांबा. समोरच्या स्थळाचं शांतपणे निरीक्षण करा.’ आणि चार मिनिटं पुढचं बटण बंद.

आठ शिकाऊ गाईड आज्ञाधारक होते. ते थांबत आणि शांतपणे निरीक्षण करत.

सोमवारी संध्याकाळी मायलेकी जेवायला बसल्या तेव्हा आईने विषय काढला. ती म्हणाली की गेले चार दिवस सकाळी सव्वादहाच्या सुमारास आठ तरुण पोरं गल्लीच्या तोंडाशी ओळीने उभी राहतात आणि तिच्याकडे टक लावून बघतात. बोलत नाहीत, हसत नाहीत. चार मिनिटं बघतात आणि निघून जातात. त्यातली एक मुलगी वहीत लिहून घेते. दुकानावर काही कारवाई वगैरे आहे का, ते तुझ्या ऑफिसातून कळेल का, असं तिने विचारलं. खुसपटताईचा घास हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने त्या मुलीकडून वही मागून घेतली. पाचव्या पानावर सुबक अक्षरात लिहिलं होतं: ‘स्थळ सहा. हिरवा दरवाजा. मोठी खिडकी. शिलाई मशीन, चालू स्थितीत. चष्मा लावलेली बाई. काळ: विचारून घेणे.’

बाई कोणत्या काळातली हे त्या मुलीने खरंच विचारलं. खुसपटताईने चौकशी करून सांगते म्हटलं आणि ती एकटी फोन घेऊन निघाली.

सहावा थांबा म्हणजे गल्लीच्या कोपऱ्यावरची विजेची पेटी. माणसाच्या खांद्याएवढी उंच, करड्या रंगाची. एका बाजूला कोरी भिंत, दुसऱ्या बाजूला बंद पडलेलं सायकलींचं दुकान. ॲपने सांगितलं, थांबा. ती थांबली. समोरच्या स्थळाचं निरीक्षण करा. तिने केलं. काहीच नव्हतं. मग ती पेटीला जरा टेकली, कंटाळलेला माणूस टेकतो तशी, आणि तिची मान आपोआप गल्लीकडे वळली. तिथून हिरवा दरवाजा दिसत होता. खिडकी दिसत होती. खिडकीत आई होती, तोंडात टाचण्या, नाकावर घसरलेला चष्मा, मशीनखालून कुणाची तरी पॅन्ट पुढे सरकवत असलेली. आईने एकदाही वर पाहिलं नाही, आणि पाहिलं असतं तरी तिला काही दिसलं नसतं. पेटीच्या आड एक माणूस सहज मावतो. आठ मावत नाहीत.

खुसपटताईने फोन काढून मामाच्या बारा फेऱ्यांच्या रेषा उघडल्या. बाराच्या बारा रेषा त्या पेटीपाशी येऊन गुंता होऊन बसल्या होत्या. सगळ्यात कमी वेळ तीन मिनिटं पन्नास सेकंद, सगळ्यात जास्त सव्वाचार. या वेळात बरोबरचे पाहुणे काय करत असतील हा प्रश्न तिला पडला, पण त्याचंही उत्तर पाचव्या थांब्याच्या रेकॉर्डिंगच्या शेपटीत सापडलं. मामा त्यांना पेटीपाशी येता येता म्हणायचा, फोटो काढून घ्या. आणि पाहुणे बिचारे विजेच्या पेटीचे फोटो काढायचे.

तिला हसू आलं आणि हसताहसताच डोळे भरून आले. मग तिने नाक पुसलं, कारण कारणाचा रकाना अजून रिकामा होता.

मामा गाईडांच्या खोलीत कॉफी पीत स्वतःचं भाषण ऐकत बसला होता. तिने त्याच्या कानातला एक इयरफोन काढला आणि फोन त्याच्यापुढे धरला.

“मामा, इथे तू काय बघतोस?”

मामाने फोन जवळ धरला, लांब धरला, चष्मा कपाळावर चढवला. नकाशा त्याला चांगला कळत होता. बत्तीस वर्षं त्याने दुसरं केलं काय होतं?

“गुडघा,” तो म्हणाला. “तिथे आलो की गुडघा धरतो माझा.”

“बाराही वेळा? त्याच पेटीपाशी?”

“गुडघ्याला जागा ओळखता येते.”

मामाचा गुडघा तिच्या चांगल्या ओळखीचा होता. तोच गुडघा बासष्ट पायऱ्या रोज दोनदा चढत होता आणि वर पोचल्यावर पाहुण्यांना इतिहास सांगत होता. पण मामा इयरफोनची वायर बोटाभोवती गुंडाळायला लागला होता, एकदा, दोनदा, पुन्हा सोडून पुन्हा, आणि त्याचे कान लाल झाले होते. दोष सापडल्यावर तिला नेहमी बरं वाटे. आज पहिल्यांदाच तिला वाटलं की हा सापडला नसता तर बरं झालं असतं.

तरी शुक्रवार होताच. तिने त्याला समजावून सांगितलं. थांबा ती काढून टाकेल, ते तिच्या हातात आहे. पण वळशाची सात मिनिटं उरतातच. गल्लीतून चालत एकदा रेकॉर्डिंग करून दिलं तर फेरी नव्वदच्या आत बसेल. न दिलं तर मॅडम तयार ॲप घेतील आणि पुढच्या महिन्यापासून तो औषधाच्या बाटलीवरचा आवाज मामाच्या जागी बोलेल. मामाने सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, त्या गल्लीत बघण्यासारखं काही नाही.

मग रोज चार मिनिटं काय बघतोस, हे तिच्या अगदी जिभेवर आलं होतं. तिने ते गिळलं. तिच्यासारखीला ते किती जड गेलं असेल, याची मामाला कल्पना नव्हती.

मामा ऐकत नाही म्हटल्यावर उरली आई. गुरुवारी दुपारी ती दुकानात गेली. आई एका कोटाची बाही लावत होती. खुसपटताईने तिला आधी शुक्रवारचं सगळं सांगितलं आणि म्हणाली, तू एक फोन कर त्याला. एकच वाक्य बोल. आईने विचारलं, कुठलं वाक्य? मी तेव्हा खोटं बोलले होते का? नाही, खुसपटताई म्हणाली. मग माफी कशाची मागू? खुसपटताई स्वतः आईच्या जागी असती तर तीही शब्दाला शब्द तेच म्हणाली असती. इथेच तर घोडं नऊ वर्षं पेंड खात होतं.

म्हणून मग तिने ती आठ पोरं का बघत होती ते सांगितलं. पेटी, बारा रेषा, त्यांचा गुंता. मीठमसाला न लावता सांगितलं, कारण तो लावायचा कसा ते तिला या घरात कुणी शिकवलंच नव्हतं.

आईचे हात थांबले.

“किती वेळ म्हणालीस?”

“सरासरी चार मिनिटं.”

“रोज?”

“बाराच्या बारा फेऱ्यांत. त्याआधीची नोंद आपल्याकडे नाही.”

आईने मान हलवली आणि पुन्हा मशीन सुरू केलं. मग आईने कोट उचलून उजेडात धरला. बाही उलटी लागली होती. खुसपटताईला कळायला लागल्यापासून आईची बाही कधी उलटी लागली नव्हती. तिने तिकडे कानाडोळा केला आणि ती ऑफिसात परत गेली. दाढीला तिने सहावा थांबा काढून टाकायला सांगितलं. दाढीने थांबा काढला, आणि सात मिनिटांचं काय ते विचारलं. ती म्हणाली, सात मिनिटांचं काही नाही. हरणार आहोत, पण अकरा मिनिटांनी नाही, सातने हरू.

शुक्रवारी मॅडम वेळेवर आल्या. मनगटावर घड्याळ, पायात चालायचे बूट, हातात फोन. मागे मामा, खुसपटताई आणि दाढी. नियम असा की मॅडमना वाटेत कुणी काही सांगायचं नाही, फक्त ॲप सांगणार. पहिले पाच थांबे झकास झाले. मामाचा आवाज फोनमधून येत होता आणि फोनबाहेरचा मामा त्याच्याबरोबर ओठ हलवत होता. दुसऱ्या थांब्यावर मॅडम दोनदा हसल्या. चौथ्यावर त्यांनी फोन थांबवून तीच गोष्ट पुन्हा ऐकली. खुसपटताईला हे सगळं बघून आणखीच वाईट वाटत होतं. परीक्षेत पेपर सुंदर लिहावा आणि शेवटचं पान बाकावरच राहून जावं, तसं.

गल्लीचं तोंड आलं. ॲप म्हणालं, वळा आणि पायऱ्यांकडे चला. मॅडम वळल्या. दाढी वळला. खुसपटताई वळली. आणि मागे बघते तर मामा पेटीपाशी उभा.

त्याला थांबायचं नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावरून स्पष्ट दिसत होतं की पाय आपणहून थांबले होते आणि आता त्यांना कुठल्या तोंडाने हलवावं ते त्याला कळत नव्हतं. कारण पेटीच्या पलीकडे, त्याच्यापासून हातभर अंतरावर, आई उभी होती. गळ्यात टेप, कात्री ॲप्रनच्या खिशात. ती कधीपासून उभी होती कोण जाणे. दोघंही एकमेकांकडे न बघता पेटीकडे बघत होते.

मॅडम परत आल्या. त्यांनी फोनकडे पाहिलं, मामाकडे पाहिलं.

“ॲपमध्ये इथे थांबा दिसत नाही. तुम्ही का थांबलात?”

बत्तीस वर्षं कुठल्याही प्रश्नाला त्याच्याकडे तीन उत्तरं तयार असायची. आत्ता एकच निघालं, आणि तेही पुटपुटल्यासारखं.

“गुडघा. इथे आलं की... गुडघा दुखतो.”

मामाचा गुडघा ठणठणीत आहे हे खुसपटताईला माहीत होतं, आणि तिच्याहून जास्त आईला माहीत होतं. आणि आईसमोर आजवर कुणाचंही खोटं चार पावलं पुढे गेलेलं नव्हतं. चाळीस माणसांत तिने त्याची खिडकी उडवली होती, तर एका मॅडमची काय पत्रास? मामाने डोळे मिटून घेतले होते. इंजेक्शन घेताना मिटावेत तसे.

“हो,” आई म्हणाली. “लहानपणी झाडावरून पडला होता. तेव्हापासूनचं आहे त्याचं ते.”

मामाने डोळे उघडले.

मामा कुठल्याही झाडावरून कधीही पडलेला नव्हता. तो झाडावर चढायलाच घाबरायचा, हे आईनेच खुसपटताईला शंभरदा सांगितलं होतं. पण आई आता मॅडमशी अगदी गंभीरपणे बोलत होती. त्या मागच्या पायऱ्या त्याला झेपत नाहीत, कुणालाच झेपत नाहीत, पाहुण्यांत म्हातारी माणसं असतात. रस्ता गल्लीतून न्यावा. गल्लीत सावली आहे. कुणाला टेकायचं असलं तर तिच्या दुकानात दोन खुर्च्या आहेत.

मॅडमनी गल्लीकडे पाहिलं आणि त्यांना ते पटलं. गल्लीतलं रेकॉर्डिंग आहे का, असं त्यांनी विचारलं. नाही, खुसपटताई म्हणाली, कारण नव्हतं.

“करतो,” मामा म्हणाला. “आत्ता करतो. दे इकडे फोन.”

तो बोलत बोलत गल्लीत शिरला. आवाज पहिली दोन वाक्यं घोगरा होता, मग लागला. आई त्याच्या मागून चालत गेली, आणि दुकान आलं तशी आत जाऊन मशीनवर बसली. दाढीने ते रेकॉर्डिंग तिथल्या तिथे ॲपमध्ये चढवलं. मॅडमनी कोपऱ्यावर परत जाऊन तेवढा भाग चालून पाहिला, पेटीपाशी आणि रेकॉर्डिंगमध्ये गेलेला वेळ वजा करून घेतला आणि बाकीचे थांबे पूर्ण केले. ऐंशी मिनिटं, आणि वर चाळीस सेकंद. शेवटच्या चौकात त्यांनी फोन खिशात घातला आणि ही फेरी ठेवू या, एवढंच म्हणाल्या. खुसपटताईचा जीव भांड्यात पडला. दाढीने आनंदाच्या भरात मॅडमशी दोनदा हस्तांदोलन केलं.

पण ऐंशी कशी? खुसपटताई ऑफिसात परत येईपर्यंत मनातल्या मनात बोटं मोजत होती. एकशे एकातून चार गेली, वळशाची सात गेली, नव्वद उरायला हवीत. टेबलावर बसून तिने नोंदी तपासल्या. पायऱ्यांवर दम खायला प्रत्येक जण आणखी दहाएक मिनिटं घालवत होता आणि ती मिनिटं पुढच्या थांब्याच्या नावावर चढत होती. म्हणजे वळसा सात मिनिटांचा नव्हताच. तो सतरा मिनिटांचा होता. इतके दिवस ही चूक तिच्या नजरेतून सुटली होती. हा शोध तिने दाढीला सांगितला नाही.

दाढी दोषांची यादी बंद करत होता. एक्केचाळिसाव्या ओळीवर तो थांबला. काय झालं, कुठे झालं, किती वेळा झालं, सगळं भरलेलं होतं. शेवटचा रकाना रिकामा. त्याने विचारलं, कारण काय लिहू?

खुसपटताईने खिडकीबाहेर पाहिलं. आईने आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलून दाखवलं होतं, आणि तेही काय सफाईने.

“गुडघा,” ती म्हणाली. “गाईडचा गुडघा.”

“कुठला? उजवा की डावा?”

दाढीने हे थट्टेने विचारलं नव्हतं. इतकी वर्षं तिनेच त्याला नेमकं लिही, नेमकं लिही म्हणून छळलं होतं. आता मागे फिरणं शक्य नव्हतं. तिने आईच्या दुकानात फोन लावला. पलीकडे मशीन चालू होतं, आणि कुणीतरी कॉफीच्या कपात चमचा ढवळत होतं. तिने प्रश्न विचारला.

“डावा,” आई म्हणाली.

“उजवा,” मागून मामाचा आवाज आला.

मशीन बंद झालं. डावाच, आई म्हणाली, झाडाखाली मी होते ना. मामा म्हणाला की पडलो मी, तर मला माहीत नसणार का? आई म्हणाली की तुला काय माहीत असणार, तू तर रडत होतास, तुला उचलून घरी आणलं ते मी. मामाने विचारलं, उचलून? मी चालत आलो होतो. चालत कसा येशील, आईने विचारलं, गुडघा फुटलेला असताना?

दोघांचे आवाज चढत गेले. फोन टेबलावर ठेवून दिल्याचा आवाज आला आणि तिच्याकडे कुणाचंच लक्ष राहिलं नाही. खुसपटताईने बराच वेळ फोन कानाशी धरून ठेवला. मग दाढीला सांगितलं, दोन्ही लिही, आणि दोष बंद कर.